अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची त्वचा जपताना

वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या तुम्हाला माझे पहिले सांगणे असे की, अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांची कूस साधारण दर २ तासांनी बदलताना माकडहाड, खुबे आणि टाचा चांगल्या उजेडात पाहाव्यात. बोटाने दाबल्यावरही न फिकटणारी लाली ही शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाब येऊन होणाऱ्या जखमेची, पहिली खूण असते. परंतु सावळ्या त्वचेवर ती सहज दिसत नाही, म्हणून आजूबाजूच्या भागापेक्षा उष्ण, कडक किंवा दुखरी जागा हाताने चाचपून शोधावी. अशी जागा तेल लावून चोळण्याचा आग्रह नातेवाईक मायेपोटी धरतात; मात्र चोळल्याने आतल्या ऊतींना अधिक इजा होते, हे त्यांना शांतपणे समजावावे. पाठीमागे उशी देऊन एका कुशीकडे सुमारे ३० अंशच कलते निजवावे. अंथरुणावरून ओढू नये, चादरीच्या आधाराने दोघींनी मिळून उचलावे. आणि रुग्ण बोलत नसला, तरी हात लावण्यापूर्वी त्याला तसे सांगावे.