सी-१३० सारखं मोठं मालवाहू विमान विमानवाहू जहाजावर उतरू शकतं का?

उतरलंय. 1963 मध्ये अमेरिकी नौदलाने केसी-१३०एफ (सी-१३०चीच हवेत इंधन भरणारी आवृत्ती) ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावर 21 वेळा उतरवून पूर्ण थांबवलं, तेही शेपटाकडचा हुक आणि त्यात अडकून विमान थांबवणाऱ्या डेकवरच्या तारांशिवाय. उड्डाणालाही कॅटापल्ट (विमानाला वेगाने पुढे फेकणारं यंत्र) नव्हता. तयारी फार नव्हती: पंखांखालचे इंधन-पॉड (दुसऱ्या विमानांना इंधन देणारी उपकरणं) काढले, पुढच्या चाकाचा शॉक शोषक बदलला, अँटी-स्किड (चाकं घसरू न देणारे) ब्रेक सुधारले. खरी करामत प्रोपेलरची. चाकं डेकपासून तीन-चार फुटांवर असतानाच वैमानिक पाती रिव्हर्सला टाकायचा, म्हणजे प्रोपेलर विमानाला मागे ढकलायचे. समोरून जोरदार वारा, वजन सुमारे 38 टन; विमान 267 फुटांत थांबलं!

मग वापर का नाही? पंख 132 फूट, दुमडत नाहीत. उजवं टोक आयलंडपासून (डेकवरच्या मनोऱ्यापासून) जेमतेम 15 फुटांवरून जातं, म्हणून डेक रिकामा करावा लागतो. विमानं डेकखाली नेणाऱ्या लिफ्टमध्येही मावत नाही. विमान डेकवरच बंद पडलं तर लढाऊ विमानांचं कामच ठप्प. नियमित मालवाहतुकीला पंख दुमडणारं, हुकवालं सी-२ हे छोटं मालवाहू विमान आलं.