जवळून नुसते फटकारे, लांबून बाई

प्रश्न: मला हल्ली पिनो दाएनी या चित्रकाराची तैलचित्रं फार आवडायला लागलीयेत. लांब झग्यातल्या बायका, खिडकीतून आलेलं ऊन, मांडीवर लहान पोर, बघत बसावंसं वाटतं. पण चित्रकलेतला एक मित्र म्हणतो हे सगळं गोडगोड आहे, कादंबरीच्या कव्हरसारखं, याला इम्प्रेशनिझम म्हणू नकोस. त्याचं खरंय का? आणि असल्या चित्रांत चांगलं-वाईट ओळखायचं कसं?

उत्तर: मित्राचं अर्धं बरोबर आहे, पण त्या अर्ध्यावर त्याने तुमच्या आवडीचा पार निकालच लावलाय. पिनो इटलीतल्या बारीचा, जन्म १९३९ चा, पुढे अमेरिकेत गेला आणि तिथे प्रेमकथांच्या कादंबऱ्यांची ढिगाने कव्हरं केली, मग ते सोडून स्वतःच्या पेंटिंगकडे वळला, २०१० मध्ये वारला. त्यामुळे कव्हरची झाक येते हे खोटं नाही, आणि मलाही त्याच्या बऱ्याच बायका एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात. पण वर्षानुवर्षं डेडलाइनवर कव्हरं करणाऱ्याचा हात तयार झालेला असतो, बोटं, मान, कपड्याच्या चुण्या कुठेही चाचपडावं लागत नाही, आणि तो तयार हात चित्रात दिसतो.

इम्प्रेशनिझम म्हणायचं का? काटेकोरपणे बघितलं तर नाही. १८७४ ला पॅरिसमध्ये मोने, रेन्वा, देगा, बेर्थ मोरिसो वगैरे चित्रकार मंडळींनी इम्प्रेशनिझमचं पहिलं प्रदर्शन भरवलं तेव्हा मोनेसारख्यांना त्या घटकेचा प्रकाश पकडायचा होता, त्यात आकार विरघळला तरी चालेल. आज ज्यांना इम्प्रेशनिस्ट फिगर पेंटर, म्हणजे माणसांची चित्रं काढणारे, म्हणतात ते बहुतेक अमेरिकन सार्जंट, स्पॅनिश सोरोया, स्वीडिश झॉर्न या चित्रकारांच्या घराण्यातले. म्हणजे आतलं ड्रॉइंग एकदम पक्कं, शिस्तीतलं, आणि वरचं रंगलेपन मोकळं.

आता ओळखायचं कसं. माझं सरळ म्हणणं, आधी चेहरा बघूच नका. चेहरा सुंदर असला की आपण तिथेच अडकतो आणि चित्रकार फुकटात सुटतो. कडा बघा, म्हणजे एक आकार संपून दुसरा सुरू होतो ती रेघ. सार्जंटचं १८९२ चं ‘लेडी अॅग्न्यू ऑफ लॉकनॉ’ घ्या, मोठ्या रिझोल्यूशनमध्ये नेटवर सहज मिळतं. पांढऱ्या ड्रेसमधली बाई खुर्चीत रेलून सरळ तुमच्याकडे बघतेय. डोळे, भुवया नेमके. तिथून खाली या, कमरेचा जांभळट पट्टा झूम करा, तर तिथे कापड वगैरे काही नाहीच, ओल्या रंगात ओढलेले चार लांब फटकारे आहेत, आणि चार पावलं मागे गेलं की त्याचंच चकचकीत सॅटिन होतं. काय स्पष्ट ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं हे त्याने ठरवलेलं आहे. चांगल्या कामात कड एका ठिकाणी धारदार असते, दुसऱ्या ठिकाणी मागच्या अंधारात हरवते, आणि हरवलेली कड आपला डोळा आपणहून पुरी करतो, म्हणूनच ती बाई श्वास घेतेय असं वाटतं. सामान्य कामात एक तर सगळंच सारखं कोरलेलं असतं, नाहीतर सगळंच सारखं पुसट, आणि त्या पुसटपणाला लोक तरलता म्हणतात!

दुसरं, डोळे बारीक करून बघा. रंग मागे पडतात, नुसता उजेड-अंधार उरतो. तेव्हाही आकृती उभी राहिली तर टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या छटा, जमलेत. झॉर्नचं उदाहरण बघा, पिवळी गेरू, व्हर्मिलियन म्हणजे शेंदरी लाल, काळा आणि पांढरा एवढ्या चार रंगांवर तो पूर्ण माणूस उभा करायचा. निळा नाहीच, पण उबदार त्वचेशेजारी काळ्या-पांढऱ्यातून झालेला करडा निळसर भासतो. तेव्हा भडक रंग बघून भुलू नका, शेजारी काय ठेवलंय ते बघा.

गोडपणाचं म्हणाल तर विषय गोड असणं हा गुन्हा नाही हो. मोरिसोचं ‘पाळणा’ हे १८७२ चं चित्र, आई झोपलेल्या बाळाकडे बघतेय, याहून गोड विषय काय असणार. पण आईचा दुमडलेला हात आणि बाळाचा दुमडलेला हात एकमेकांना उत्तर देतात, मध्ये जाळीचा पडदा, त्यामागे बाळाचा चेहरा किंचित मंद झालेला. आणि आई लाडाने हसत वगैरे नाहीये, विचारात आहे. गोडव्यात असं काहीतरी अडखळायला लावणारं सापडलं तर चित्र टिकतं.

प्रश्न: हल्लीचे बरेच जण फोटोवरून काढतात म्हणे. मग त्यात काय मोठेपणा?

उत्तर: फोटो वापरणं नवं नाही, देगा स्वतः फोटो काढायचा. प्रश्न फोटोची नक्कल झालीय का एवढाच. सावल्या सपाट काळ्या, पायापासून केसांपर्यंत सगळं एकाच धारेचं, असं असेल तर समजा निर्णय कॅमेऱ्याने घेतलाय.

प्रश्न: कॅनव्हासवरची प्रिंट आणि ओरिजिनल यातला फरक नवख्याला कळतो का?

उत्तर: कळतो, समोरून बघू नका, बाजूला उभं राहून तिरक्या उजेडात बघा. तैलरंगात साधारणपणे उजेडाच्या जागी रंग जाड असतो, गालावरचा, मोत्यावरचा ठिपका अक्षरशः वर आलेला असतो, सावल्या पातळ, कधीकधी खालचा कॅनव्हास दिसेल इतक्या. काही प्रिंटवर वरून पारदर्शक जेल फासून ब्रशचे उंचवटे आणतात, तिथे गोची होते. मग एकच तपासा, उंचवट्याची दिशा आणि रंगाच्या फटकाऱ्याची दिशा जुळते का. रंग आडवा चाललाय आणि उंचवटा उभा, तर ती प्रिंट, विकणारा काहीही सांगो.