बल्क-कट राहू द्या, आधी कंबर मोजा आणि वही उघडा

तुम्ही दिलेले आकडे आधी एकत्र मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय २९, उंची १७१ सेंमी, वजन ७२ किलो, बेंबीच्या रेषेत कंबर ९१ सेंमी. घर कोपरखैरण्यात, नोकरी ऐरोलीला आणि तीही खुर्चीतली. चार महिने जिम चालू आहे, दंड-छातीत फारसा फरक नाही, पोट होतं तिथेच. ट्रेनर म्हणतोय, आधी मास गेनर (वजन वाढवायची पावडर) घेऊन ८० किलो करा, मग कटिंग, म्हणजे चरबी उतरवणं, बघू. हेच ते बल्क-कट. आणि तुमचा प्रश्न आहे, कोणता गेनर घ्यावा.

कुठलाही नको. डबा उलटा करून घटक वाचा. पहिलंच नाव बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे साखरेची चुलत बहीण. घरचा भात त्याहून स्वस्त आणि चवीलाही बरा. नवशिक्याचा स्नायू महिन्याला अर्धा ते एक किलो वाढला तरी खूप झालं, तेही सगळं जमून आलं तर. चार महिन्यांत आठ किलो चढवलेत तर त्यातला मोठा वाटा कंबरेलाच जाणार. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंमी ही कंबरेची धोक्याची रेषा धरतात आणि तुम्ही आत्ताच तिच्या पलीकडे आहात. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत आणायची म्हटलं तर ८५ चं लक्ष्य धरा.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. नीट पद्धतशीर वजन न उचललेल्या माणसाचे स्नायू किंचित कमी खाऊनही वाढतात, कारण लागणारी ऊर्जा पोटावरची चरबी देते. बाहेरून फक्त पुरेसं प्रोटीन आणि दर आठवड्याला थोडं वाढतं वजन मिळायला हवं. ही सवलत दोन-तीन वर्षं कसून व्यायाम केलेल्याला फारशी मिळत नाही. ती वापरायची सोडून गेनर कशाला?

खाणं

वजन टिकवायला तुम्हाला साधारण २,२०० ते २,३०० कॅलरी लागत असतील (किलोमागे ३१ चा अंदाज). खायचं २,०५० च्या आसपास. प्रोटीन किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम ही सर्वमान्य मर्यादा आहे. तुम्ही १२० च्या खाली जायचं नाही, १३० झालं तर उत्तम.

तुम्ही लिहिलेल्या दिनक्रमातच बसवतो. सकाळी २५० मिली टोन्ड दूध आणि एक स्कूप व्हे (दुधातल्या प्रोटीनची पावडर), ३२ ग्रॅम प्रोटीन. न्याहारीला ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे कांदेपोहे, बरोबर दोन अख्खी अंडी आणि दोन पांढरे, मिळून २५. डब्यात तीन चपात्या, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, एक भाजी, १५० ग्रॅम दही, हे झालं २६. संध्याकाळी ट्रेन पकडण्याआधी ४० ग्रॅम फुटाणे आणि चहा, ८-९. रात्री १५० ग्रॅम चिकन (वजन कच्चं, हाडं सोडून), एक तांदळाची भाकरी आणि हवी तेवढी कोशिंबीर, ३७-३८. बेरीज १३० ला टेकते आणि कॅलरी २,०५० च्या जवळपास राहतात. सुरमई, बांगडा, कोळंबी यांपैकी काहीही चिकनच्या जागी चालेल, प्रोटीन १०० ग्रॅमला १९-२० असतं. ओल्या बोंबलावर मात्र भिस्त ठेवू नका, त्यात पाणीच जास्त. तळला की वर रव्याबरोबर तेलही आलं. सुकट-जवळा याच्या उलट, मूठभरात भरपूर प्रोटीन. मीठ जास्त असतं, म्हणून दोनदा धुऊन घ्या.

वरचा हिशोब कोलमडतो तो तेलात. एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, तेलाच्या साधारण ४० कॅलरी. घरात फोडणीला कोणी चमचा मोजत नाही, बुधलीतून धार सोडतात, आणि ती सहज २०-२५ मिली होते. भाजी, उसळ, चिकन अशा तीन पदार्थांत जपून राखलेली २०० कॅलरींची तूट पुसली जाते आणि माणूस म्हणतो, 'मी तर काहीच खात नाही.' स्वयंपाक आई करत असतील तर त्यांना कॅलरी समजावत बसू नका. महिन्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवा. माणशी अर्धा लिटर, चार माणसांना दोन लिटर, आणि महिनाभर तेवढंच. भांडण होत नाही आणि हिशोबही चुकत नाही.

दुसरी फसगत 'प्रोटीनवाल्या' पदार्थांची. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅम प्रोटीन असतं, पण २० ग्रॅमच्या वर फॅटही असते. शेंगदाण्यात निम्मं तेलच. वाटीभर वरणात डाळ जेमतेम २५ ग्रॅम, म्हणजे प्रोटीन साडेपाच. हे खाऊ नका असं नाही, पण त्यांना प्रोटीनच्या खात्यात टाकून निर्धास्त होऊ नका. शाकाहारी दिवशी खरं काम सोया चंक्स करतात, कोरडे ५० ग्रॅम घेतले की २६ ग्रॅम प्रोटीन आणि कॅलरी १७० च्या आसपास. गरम पाण्यात मीठ घालून दहा मिनिटं उकळा, दोनदा घट्ट पिळा, मग रश्शात टाका. पिळलं नाही तर तो वास येतो ज्यामुळे घरातले पुन्हा नाव काढत नाहीत.

गुरुवारच्या उपासाचं तुम्ही विचारलंय. साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च, तूप आणि दाण्याचं कूट. त्या दिवशी प्रोटीन ४० वर येतं. वरीचे तांदूळ, दही, दूध, राजगिरा आणि १०० ग्रॅम पनीर धरलं तर ६०-७० पर्यंत नेता येतं. व्हे उपासाला चालतं की नाही, हा वाद तुमच्या घरातच मिटवा. आठवड्यातला एक दिवस कमी पडल्याने काही बिघडत नाही, फक्त त्या दिवशी पायांचा व्यायाम ठेवू नका. ठाण्याच्या मामलेदारची मिसळ रविवारी खायचीच असेल तर खा, तर्रीची दुसरी वाटी मागू नका आणि त्या दिवशी दुपारचं जेवण हलकं ठेवा.

पावडरी

व्हे हे अन्न आहे, दुधातलंच. डबा घेताना स्कूपचं वजन आणि त्यातलं प्रोटीन यांचा भागाकार करा. ३२ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम असेल तर ७५ टक्के, ठीक. ६५ च्या खाली गेलं की ठेवून द्या. मग घटकांत ग्लायसिन, टॉरिन वेगळं घातलंय का बघा. ही स्वस्त अमिनो आम्लं घालून प्रयोगशाळेत ज्यावरून प्रोटीन मोजतात तो नायट्रोजनचा आकडा फुगवता येतो, स्नायूला त्याचा उपयोग नाही. ल्युसिन (स्नायूवाढीला चालना देणारं अमिनो आम्ल) २५ ग्रॅम प्रोटीनमागे अडीच ग्रॅमच्या आसपास असायला हवं. आयात डब्यावर आयातदाराचं लेबल आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक हवाच. जिमच्या काउंटरवर झिप पिशवीत सुटी पावडर मिळते ती फुकट दिली तरी घेऊ नका. पोट फुगत असेल तर दोष बहुधा लॅक्टोजचा असतो. आयसोलेट (जवळपास सगळं लॅक्टोज काढलेलं व्हे) घ्या किंवा दुधाऐवजी पाण्यातून घ्या.

क्रिएटिन ही स्नायूंतला झटपट ऊर्जेचा साठा वाढवणारी पावडर. क्रिएटिन मोनोहायड्रेट ३ ते ५ ग्रॅम, रोज, कुठल्याही वेळी, सुट्टीच्या दिवशीही. साधं, बिनचवीचं, मोनोहायड्रेटच. महागड्या प्रकारांनी जास्त काही मिळत नाही. सुरुवातीला रोज २० ग्रॅमचं लोडिंग केलं तर आठवड्यात साठा भरतो, नाही केलं तर तीन-चार आठवड्यांत. मांस कमी खाणाऱ्यांचा साठा मुळात कमी असल्याने त्यांना फरक जास्त जाणवतो. इथे नेहमी होणारी गडबड म्हणजे आहार आणि क्रिएटिन एकाच सोमवारी सुरू करणं. क्रिएटिन स्नायूंत पाणी धरतं, वजन एक-दोन किलो वाढतं, आणि माणूस घाबरून जेवण तोडतो. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त आहार लावा, वजनाची सरासरी स्थिर कळली की मग हे सुरू करा. रक्त तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) थोडं वर दिसू शकतं, डॉक्टरांना आधीच सांगा. मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. आणि पावसाळ्यात आपल्या हवेत डब्यात गोळे होतात. कोरडा चमचा वापरा, सिलिका जेलची पुडी फेकू नका. गोळे झालेलं वाया जात नाही, फोडून घ्या.

बीसीएए (सुट्या अमिनो आम्लांची पावडर), फॅट बर्नर, टेस्टोस्टेरॉन बूस्टर यावर एक रुपयाही घालवू नका. त्याऐवजी बी १२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करा, आपल्याकडे दोन्ही कमी निघण्याचं प्रमाण मोठं आहे. मात्र मेडिकलमधून ६०,००० युनिटची ड ची पाकिटं स्वतःच्या मनाने आठवड्याला फोडत बसू नका. मात्रा रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतील.

व्यायाम

तुमच्या ट्रेनरचं वेळापत्रक वाचलं. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, असं आठवड्यातून एकदा एक अवयव, त्यातही दर आठवड्याला नवे प्रकार, 'मसल कन्फ्यूज करायला'. स्नायू गोंधळत नाही, गोंधळतो तो हिशोब. व्यायाम बदलत राहिला तर गेल्या महिन्यापेक्षा जास्त उचललंत की कमी, हे कळणार कसं? तेच व्यायाम किमान दहा-बारा आठवडे ठेवा.

चार दिवस पुरे. सोमवार-मंगळवार आणि गुरुवार-शनिवार, एक दिवस वरचं अंग, एक दिवस खालचं. उपास असेल तर गुरुवारचं शुक्रवारी ढकला.

वरच्या अंगाचा पहिला दिवस: बेंच प्रेस, केबल रो, डंबेल ओव्हरहेड प्रेस, लॅट पुलडाउन आणि लॅटरल रेज यांचे तीन-तीन सेट, शेवटी बायसेप्स-ट्रायसेप्स दोन-दोन. दुसऱ्या दिवशी बेंचच्या जागी इनक्लाइन डंबेल प्रेस, केबल रोच्या जागी एका हाताचा डंबेल रो, ओव्हरहेडच्या जागी चेस्ट फ्लाय, बाकी तेच. खालच्या अंगाला एकदा स्क्वॉट आणि रोमानियन डेडलिफ्ट, एकदा लेग प्रेस आणि हिप थ्रस्ट, दोन्ही दिवशी लेग कर्ल आणि पोटऱ्या. जड सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती घ्या. चाळीस सेकंदांत पुढचा सेट मारलात तर दम वाढतो, वजन कमी पडतं.

सेट कुठे थांबवायचा? रेप (सेटमधली एक पूर्ण उचल) आपोआप मंदावायला लागला आणि अजून एक-दोनच निघतील असं वाटलं की थांबा. रोमानियन डेडलिफ्टमध्ये दोन-तीन राखून, कारण तिथे थकल्यावर पाठ गोल होते.

वाढवायचं कसं, हे मात्र नीट समजून घ्या. समजा इनक्लाइन प्रेस साडेबारा किलोच्या डंबेल्सनी ८, ८, ७ निघतात. डंबेल तेच ठेवा, रेप वाढवत तिन्ही सेट १२ पर्यंत न्या, मगच १५ किलो उचला. रेप पुन्हा ८ वर येतील, कारण अडीच किलोची ती उडी २० टक्क्यांची आहे. लॅटरल रेजमध्ये ५ वरून साडेसात म्हणजे ५० टक्क्यांची उडी, म्हणून तिथे २० रेपपर्यंत थांबा, नाहीतर खांदा सोडून कंबर झोके देते. बारबेलवर सव्वा किलोच्या प्लेट जिममध्ये नसतील तर स्वतःची जोडी घ्या, पिशवीत मावते. आणि बारचं वजन एकदा काट्यावर बघाच. गल्लीतल्या जिममधला बारीक बार २० किलोचा नसतो, १० ते १५ चा असतो. जिम बदललीत की आकडे अचानक घसरतात ते यामुळे.

हे सगळं वहीत. तारीख, वजन, रेप. वही नसेल तर वरचं निम्मं व्यर्थ.

धावण्याची गरज नाही, चालणं हवं, दिवसाला ८,००० पावलं. ऐरोली स्टेशन ते ऑफिस शेअर रिक्षाऐवजी पायी गेलात आणि जेवणानंतर निसर्ग उद्यानाकडे चक्कर मारलीत तर होऊन जातात. पाम बीच रोडवरची दहा किलोमीटरची धाव आवडत असेल तर पायांच्या व्यायामाच्या आदल्या दिवशी नको. रात्री साडेनऊला जिममधून आलात तर झोप बाराला, आणि सकाळी सहाचा गजर. हे गणित जमत नाही. सात तास मिळत नसतील तर एक दिवस जिम कमी करा, झोप नको.

मोजमाप

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता वजन. एकेका दिवसाकडे बघू नका, आठवड्याची सरासरी काढा. खारट सुकट खाल्ली की दुसऱ्या दिवशी किलोभर जास्त दिसतं, ते पाणी असतं. कंबर आठवड्यातून एकदा, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

सरासरी आठवड्याला पाव किलो उतरतेय, कंबर कमी होतेय, वहीतले रेप वाढताहेत, तर काही बदलू नका. क्रिएटिनमुळे एकदा वर जाऊन पुन्हा त्याच गतीने उतरत असेल तरी तेच. रेप दोन आठवडे सतत घसरले आणि वजन अर्ध्या किलोहून वेगाने जातंय, तर जेवण कमी पडतंय, रात्री एक भाकरी वाढवा. वजन आणि कंबर दोन्ही तीन आठवडे हललं नाही तर आधी तेलाची बाटली तपासा, मग चपाती कमी करण्याचा विचार.

कंबर ८५ ला आली की वजन बहुधा ६८-६९ च्या आसपास असेल. तिथून पुढे वाढवायचं, पण टिकवण्याच्या कॅलरींवर २०० ते ३०० एवढंच. एक भाकरी आणि एक केळं झालं. महिन्याला सातशे-आठशे ग्रॅमहून जास्त वाढलं तर केळं काढून टाका.