टाइप बदलला, मग मी नक्की कोण?

तिने वही माझ्यासमोर ठेवली. पुठ्ठ्यावर जांभळ्या स्केचपेनने चार मोठी इंग्रजी अक्षरं काढलेली होती: आय, एन, एफ, जे. मोबाइलवरच्या व्यक्तिमत्त्व चाचणीत आलेला तिचा ‘टाइप’, म्हणजे स्वभावाचा प्रकार. त्यातल्या ‘आय’वर, म्हणजे ‘इंट्रोव्हर्ट’ किंवा अंतर्मुखच्या अक्षरावर, नंतर निळ्या बॉलपेनने इतक्या रेघोट्या मारल्या होत्या की तिथे पुठ्ठ्याचा पापुद्रा निघाला होता. “मॅडम, पहिल्यांदा मी अंतर्मुख आले, तीन आठवड्यांनी बहिर्मुख. एकदा तरी मी खोटी उत्तरं दिली असणार. मग मी नक्की कोण?”

जळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न अलीकडे वरचेवर कानावर येतो. पूर्वी मुलं-मुली पत्रिका घेऊन यायची, आता मोबाइलवरचा निकाल घेऊन येतात. या मुलीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

ती अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी कापसाची शेती, तिचं बी.एड.चं दुसरं वर्ष. कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाची कार्यशाळा झाली. पाहुण्या वक्त्यांनी सगळ्यांकडून मोबाइलवर चाचणी भरून घेतली आणि भर सभागृहात सांगितलं की अंतर्मुख माणसाने शिक्षकी पेशात पडू नये, वर्ग त्याला झेपत नाही. हिचा निकाल अंतर्मुख. शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवणं, जवळ आलेली. हिने घरी जाऊन सांगितलं, मी बी.एड. सोडते.

सोबत आई आली होती. तिचं म्हणणं सरळ होतं: “कानबाईम्हा इतली नाचनी, आनि आते इचारस, मी कोन शे!”

आईच्या या एका वाक्यात अर्ध्याहून जास्त उत्तर होतं. मी चाचण्यांच्या तारखा विचारल्या. पहिली कार्यशाळेच्या दिवशी भरलेली. अनोळखी सभागृह, शंभरेक मुलं, कुणी आपल्याला उभं करून बोलायला लावेल ही धास्ती. दुसरी भरली कानबाईचं विसर्जन झालं त्या रात्री. खानदेशात श्रावणातल्या या सणाला सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. दोन दिवस चुलत-मावस बहिणींच्या घोळक्यात काढून, घसा बसलेल्या अवस्थेत तिने ‘माणसांत असलं की तुम्हाला उत्साह वाटतो का’ या प्रश्नाला हो म्हटलं. दोन्ही वेळा ती खरंच बोलली होती. ‘तुम्हाला असं वाटतं का’ एवढं विचारलं की माणूस जवळचे चार दिवस आठवून उत्तर देतो.

मग मी टक्के पाहिले. पहिल्यांदा ५२ टक्के अंतर्मुख, दुसऱ्यांदा ५४ टक्के बहिर्मुख. मी तिला विचारलं, पस्तीसला पास असेल तर ३४ आणि ३६ गुणांची मुलं किती वेगळी? “सारखीच की.” आणि ३६ व ९० ची? ती हसली. टाइपच्या चाचणीत नेमकं हेच होतं. माणसं या मापावर दोन टोकांना गोळा झालेली नसतात. बहुतेक जण मधल्या पट्ट्यात असतात. तिथे मधोमध रेघ ओढली की रेघेच्या अल्याडपल्याडचे दोघे ‘विरुद्ध’ ठरतात आणि दोन-चार उत्तरं इकडची तिकडे झाली की अक्षर बदलतं. ही अक्षरं जिच्यातून आली ती मूळ मायर्स-ब्रिग्ज चाचणी पाच आठवड्यांनी पुन्हा दिली तर निम्म्यापर्यंत लोकांचं किमान एक अक्षर बदलतं, हे संशोधकांनी फार पूर्वी नोंदवलं आहे. म्हणजे हिचं काही अघटित झालं नव्हतं.

ही अक्षरं आली कुठून, हेही तिला सांगितलं, कारण तिला ती रक्तगटासारखी प्रयोगशाळेत सापडलेली वाटत होती. स्वीस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडलेल्या प्रकारांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी ही पद्धत घडवली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अनेक बायका पहिल्यांदाच कारखान्यांत आणि कचेऱ्यांत कामाला लागत होत्या. त्यांना आपल्या स्वभावाला मानवेल असं काम सापडावं, ही इझाबेलची तळमळ होती. मला त्या तळमळीबद्दल आदर आहे. म्हणूनच तिच्या अक्षरांचा आधार घेऊन कुणी एखाद्या मुलीला तिच्या कामापासून उठवतं, तेव्हा मला राग येतो. ही चाचणी चालवणारी संस्थाही ती नोकरभरतीसाठी वापरू नये असंच सांगते.

“पण मॅडम, वर्णन तर अगदी माझंच होतं.” हे प्रत्येक जण म्हणतं आणि त्यात त्यांची चूक नसते. मी कागदावर चार ओळी लिहून तिला दिल्या: तू वरून शांत दिसतेस पण मनात बरंच चाललेलं असतं, तुझ्यातल्या कितीतरी गोष्टी अजून वापरात आलेल्या नाहीत, काही वेळा तू मोकळी असतेस, काही वेळा हातचं राखून. वर्णन किती जुळतं याला तिने पाचपैकी साडेचार गुण दिले. बाहेर तिचा धाकटा भाऊ मोटारसायकलची किल्ली फिरवत बसला होता. त्याला आत बोलावून तोच कागद दिला. वाचून तो म्हणाला, “हे तर माझं आहे. ताईने सांगितलं का तुम्हाला?” ती कागदाकडे आणि भावाकडे आळीपाळीने बघत राहिली.

बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर केला आणि १९४९ साली प्रसिद्ध केला. चाचणी घेतल्यावर प्रत्येकाला ‘तुझं’ म्हणून एकच वर्णन वाटलं, तेही मुख्यतः राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. विद्यार्थ्यांनी सरासरी पाचपैकी ४.२६ गुण दिले. ‘माझंच आहे’ असं वाटणं हा चाचणी खरी असल्याचा पुरावा होत नाही.

मग चाचण्या सगळ्याच टाकाऊ का? तसं मी म्हणणार नाही. अंतर्मुख-बहिर्मुख हा फरक खरा आहे, फक्त त्याला कप्पे नाहीत, चढउतार आहे. संशोधनात जास्त टिकलेली पाच गुणांची पद्धत, बिग फाइव्ह, माणसाला प्रकारात बसवत नाही. नव्या अनुभवांबद्दलचा मोकळेपणा, शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि भावनिक अस्थिरता या प्रत्येक पट्टीवर तो कुठे आहे एवढं सांगते. तेही वयानुसार हळूहळू सरकतं. आणि लाजाळू मुलांना ‘अंतर्मुख’ या शब्दाने दिलासा मिळताना मी पाहिलं आहे: आपण बिघडलेले नाही, आपल्यासारखे पुष्कळ आहेत. तिथवर तो शब्द उपकारच करतो.

तिला मी दोन आठवडे एक नोंद ठेवायला सांगितली. कुठे होते, समोर कोण होतं, मी काय केलं, एवढंच. ‘मी अशी आहे’ छापाचं एकही वाक्य लिहायचं नाही. सुरुवातीला तिला ते फार जड गेलं. दर ओळीत ‘मी घाबरट’ यायचं आणि ती खोडायची.

चौदा दिवसांनी वही उघडली. कॉलेजचं सभागृह: गप्प. बस स्टँडवर कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून: भांडले, पैसे घेतले. सहा ठिकाणी एकच जागा होती, घराचा ओटा. संध्याकाळी गल्लीतली आठ-नऊ पोरं तिच्याकडे अभ्यासाला बसायची. हे तिने मला आधी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी ते ‘शिकवणं’ नव्हतं. एक नोंद अशी: “पहिलीतला एक वजाबाकीला रडत होता. चिंचोके मांडले, अहिराणीतून विचारलं, यामधला तीन लेयनात तं कितला उरनात? त्याने मोजून सांगितलं. मग सगळ्यांनीच चिंचोके मागितले. आवाज वाढला, आई ओरडली.”

मी ती नोंद तिला मोठ्याने वाचायला लावली. वाचून झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “वर्ग आणि ओटा यांत फरक आहे पण.” आहेच, आणि तो कमी लेखायचा नव्हता. अनोळखी मोठ्या माणसांसमोर तिचा आवाज खाली जातो, ही खरी अडचण होती. आता ती कामाला घेता येईल एवढी लहान झाली होती.

तिने आंतरवासिता सुरू केली. पहिले दोन दिवस हात थरथरले, तिसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गाने तिला अपूर्णांक पुन्हा समजावायला लावले. मागच्या बाकावर मार्गदर्शक येऊन बसले की आवाज अजून खाली जातो. सध्या आम्ही दोघी त्यावर काम करतो आहोत. पुढच्या गुरुवारी ती पाठाचं टाचण घेऊन येणार आहे.