अमेरिकेत भेटीला आलेल्या आई-वडिलांना सरकारी मोकळ्या जमिनींवर मुक्कामाला न्यावे का?

आपण विचारले आहे की, आई-वडील सहा महिन्यांसाठी येत आहेत, मुले लहान आहेत, तर राष्ट्रीय उद्यानांत किंवा सरकारी जमिनीवर तंबूत राहण्यापेक्षा एखादे थीम पार्क बरे नाही का. माझे उत्तर आहे, तंबूतच न्यावे. हाच प्रश्न आमच्या घरात काही वर्षांपूर्वी इतक्या कडवटपणे विचारला गेला होता की, मला तो थोडक्यात आटोपता येणार नाही.

माझे वडील तलाठी होते. सगळी नोकरी त्यांनी सातबारा लिहिण्यात, फेरफार नोंदवण्यात आणि हातभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढताना पाहण्यात घालवली. जमीन म्हटली की तिला गट क्रमांक असतो, खातेदार असतो आणि बहुधा एखादा वादही असतो, अशी त्यांची पक्की धारणा. ते आणि आई आमच्याकडे यूटामध्ये आले, तेव्हा सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही सहा जण शेजारच्या नेवाडा राज्याच्या पूर्व सीमेजवळील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानाकडे निघालो. उद्यानातील तंबूच्या जागा भरलेल्या होत्या. म्हणून आम्ही बाहेर, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या जमीन सांभाळणाऱ्या खात्याच्या ताब्यातील मोकळ्या जमिनीवर कच्च्या रस्त्याने आत गेलो आणि जुनिपरच्या झाडांशेजारी मुक्काम टाकला.

बाबांनी सर्वप्रथम पावती मागितली. पावती नसते, अशा जमिनीवर बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवसांपर्यंत विनाशुल्क राहता येते, हे मी सांगितले. पण त्यांना ते पटले नाही. रात्री दूरच्या रस्त्यावर गाडीचा दिवा दिसला की ते उठून बसत, कारण आपल्याला उठवायला कोणीतरी येणार याची त्यांना खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच तासभर फिरून आले आणि म्हणाले, "कुठे कुंपण नाही, हद्दीचा दगड नाही. मालक कोण?"

मी त्यांना सांगितले की, या देशातील सुमारे ६४ कोटी एकर, म्हणजे एकूण भूमीच्या जवळजवळ २८ टक्के जमीन केंद्र सरकारकडे आहे आणि एकट्या नेवाडात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आहे. त्यांनी लोकसंख्या विचारली. मी ३३ कोटींच्या वर म्हटल्यावर त्यांनी तोंडी भागाकार केला, माणशी जेमतेम दोन एकर. मग इथेच जन्मलेल्या माझ्या धाकट्याला जवळ ओढून ते म्हणाले, "म्हणजे हे सामाईक खाते आहे. यात तुझाही हिस्सा आहे, पण वाटप मागायचा अधिकार कोणालाच नाही."

त्या दुपारी त्यांनी सतरंजी अंथरली आणि चार वाजेपर्यंत गाढ झोपले. परक्या ठिकाणी त्यांना दिवसा झोपलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. आई माझ्या मुलीबरोबर दगड वेचत होती, पत्नी पुस्तक वाचत होती, आणि कोणालाही कुठे वेळेवर पोहोचायचे नव्हते. अंधार पडल्यावर आकाशगंगा स्पष्ट दिसू लागली, तेव्हा बाबांनी नातवंडांना खळ्यावर राखणीला झोपण्याच्या गोष्टी सांगितल्या. त्यातल्या निम्म्या मीही प्रथमच ऐकत होतो.

परतल्यावर माझ्या थोरल्या बंधूंचा फोन आला. जन्मभर खेडी तुडवलेल्या माणसाला पुन्हा रानच दाखवलेस, चार पैसे वाचवण्यासाठी म्हाताऱ्यांना जमिनीवर झोपवलेस, असे ते म्हणाले; आणि वर, अशी पडीक जमीन सरकारने विकून मोकळे व्हावे, हेही ऐकवले. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही, म्हणून तो येथे नीट मांडतो.

पडीक हा शब्द चुकीचा आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांचे तुकडे वसाहतीसाठी वाटले जात असताना जी रूक्ष जमीन कोणालाच नको होती, तीच मुख्यतः या ब्युरोकडे उरली, हे खरे. परंतु १९७६ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून ही जमीन सर्वसाधारणपणे सार्वजनिक मालकीतच राहील असे धोरण ठरवले. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. त्याआधी १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान म्हणून राखले गेले आणि १९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रँड कॅन्यनला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, तेव्हाही तेथे खाणी आणि खासगी धंदे आणू पाहणारे लोक होतेच. २०२५ च्या जूनमध्ये सिनेटमध्ये लक्षावधी एकर विकण्याचा प्रस्ताव आला आणि शिकारी, मासेमारी करणारे व गिर्यारोहक या सर्वांनी मिळून विरोध केल्यावर तो मागे घ्यावा लागला. एकदा विकलेली जमीन परत सामाईक होत नाही, हे तलाठ्याच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. ज्यांनी ती विकू दिली नाही त्यांचा मी मनापासून ऋणी आहे, कारण माझे वडील तेथे कोणाचेही गिऱ्हाईक न होता झोपू शकले.

दोन गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. ही भूमी मुळात रिकामी नव्हती. नेवाडाचा मोठा भाग वेस्टर्न शोशोनी या मूळ रहिवासी लोकांचा होता आणि अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६३ च्या रुबी व्हॅली तहात त्यांनी तो सोडून दिलेला नव्हता. तसेच सरकारी मालकी म्हणजे आपोआप जपणूक असेही नाही. याच ग्रेट बेसिनच्या डोंगरावर १९६४ साली, उद्यान होण्याआधी, एका संशोधकाने वन विभागाच्या परवानगीने ४,८०० हून अधिक वलयांचा, म्हणजे किमान तितक्या वर्षांचा, ब्रिसलकोन पाइन वृक्ष तोडला होता.

आता आपल्या तयारीविषयी. पाणी पूर्णपणे बरोबर न्यावे लागते, शौचालय नसते, कचरा परत आणावा लागतो आणि आगीवर बंदी आहे का हे निघण्यापूर्वी स्थानिक कार्यालयात विचारावे लागते. आई-वडिलांना रक्तदाबाचा किंवा श्वासाचा त्रास असल्यास ग्रेट बेसिनमधील व्हीलर शिखराखालच्या मुक्कामाला नेऊ नये, ती जागा सुमारे १०,००० फुटांवर आहे. गुडघे दुखत असतील तर जाड गाद्या आणि पाठ टेकता येईल अशा खुर्च्या न्याव्यात. बाबांसाठी मी खुर्ची नेली नव्हती, आणि बंधूंच्या सगळ्या बोलण्यात तेवढा एक आरोप खरा होता.