भाडे भरता भरता घर आपले होईल का?

प्रश्न : भांडुपमधील ज्या वन बीएचके घरात आम्ही भाड्याने राहतो, ते घर आम्हालाच विकण्याची मालकांची तयारी आहे. किंमत आजच ९० लाख रुपये ठरवायची, ५ लाख लगेच द्यायचे, दरमहा २६ हजारांऐवजी ४० हजार भरायचे आणि त्यातले १४ हजार किमतीतून वजा धरायचे. तीन वर्षांनी आम्ही गृहकर्ज काढून बाकीची रक्कम द्यायची, असा त्यांचा प्रस्ताव आहे. भाडेकराराची नोंदणी होईल, विक्रीचे मात्र ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीसमोर लिहून देऊ, असे ते म्हणतात. माणूस सज्जन आहे. होकार द्यावा का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : मालक सज्जन आहेत हे मी मान्य करूनच लिहितो, कारण तीन वर्षांच्या अवधीत घराचा निर्णय त्यांच्याच हाती राहील असे नाही, तो उद्या त्यांच्या वारसांच्या किंवा त्यांना कर्ज देणाऱ्या बँकेच्या हातीही जाऊ शकतो. आपल्या प्रस्तावात कागद दोन आहेत आणि आपला पैसा त्यातल्या कच्च्या कागदावर अडकणार आहे. नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराने आपण केवळ परवानाधारक, म्हणजे मालकाच्या परवानगीने राहणारे, ठरता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार या लेखी करारात जे नमूद आहे तेच निर्णायक पुरावा मानले जाते आणि मुदत संपल्यावर घर न सोडल्यास दुप्पट शुल्क भरावे लागू शकते. नोटरी केलेल्या कागदाची नोंद दुय्यम निबंधकाकडे होत नाही, त्यामुळे मधल्या काळात हे घर गहाण ठेवून घेणाऱ्याला किंवा विकत घेणाऱ्याला शोध घेऊनही आपला मागमूस लागणार नाही.

उपाय एकच : साठेखत, म्हणजे पुढे घर विकण्याचा करार, करून ते नोंदवून घ्या. साठेखताने मालकी मिळत नाही, ती खरेदीखतानेच मिळते. पण दिलेल्या ताब्याला कायद्याचे संरक्षण हवे असेल तर २००१ पासून साठेखत नोंदवलेलेच असावे लागते. नोंदणी टाळण्याचे कारण बहुधा खर्चाचे असते. ताबा देणाऱ्या साठेखतावर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते आणि मुंबईत मेट्रो अधिभार धरून ते सध्या सहा टक्के, म्हणजे आपल्या किमतीवर ५ लाख ४० हजार रुपये होते. शिवाय नोंदणी फी ३० हजार. हे शुल्क पुढे खरेदीखताच्या वेळी वळते होते, तेव्हा तो खर्च वाया जात नाही.

आता हिशेब पाहू. दरमहा १४ हजारांप्रमाणे ३६ महिन्यांत ५ लाख ४ हजार आणि आधीचे ५ लाख मिळून १० लाख ४ हजार रुपये जमा होतील. ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांची आहे, म्हणजे फार तर ७२ लाख मिळतील, आणि तेही आपले उत्पन्न पुरेसे असेल तर. उरलेले जवळजवळ ८ लाख कुठून आणणार? शिवाय भाड्याच्या पावतीवर चाळीस हजार ‘भाडे’ म्हणूनच लिहिले गेले, तर ते १४ हजार किमतीपोटी दिल्याचे बँकेला पटवणेही अवघड जाते. म्हणून दोन रकमा वेगवेगळ्या, बँकेमार्फत द्या आणि साठेखतात त्यांचा स्वतंत्र उल्लेख करा. कर्ज नाकारले गेले तर यातले किती परत मिळेल, तेही त्यात स्पष्ट लिहून घ्या. अशा करारांत सर्वाधिक पैसा बुडतो तो याच एका वाक्याच्या अभावी, असे माझे मत आहे.

सही करण्यापूर्वी सूची क्रमांक दोन (घराच्या नोंदवलेल्या व्यवहारांचा उतारा, ‘इंडेक्स टू’) काढून घ्या, सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) मूळ स्वरूपात पाहा (तो बँकेत असेल तर घर गहाण आहे असेच समजा) आणि थकबाकी नसल्याचे सोसायटीचे पत्र मागा. घर म्हाडाच्या सोडतीतले असेल तर पाच वर्षांच्या आत ते विकताच येत नाही, ही गोष्ट मालक आपणहून सांगतीलच असे नाही.

मालक साठेखताला तयार नसतील तर २६ हजारांवर राहा आणि ते १४ हजार दरमहा आपल्याच नावाच्या आवर्ती ठेवीत भरा.