ट्रॅकच्या सायकलसाठी फवारणीची एफडी मोडू का?

ताई, तुम्ही देवगडहून लिहिलंय की मुलगा १७ वर्षांचा, ट्रॅक रेसिंगचं (गोल धावपट्टीवरच्या सायकल शर्यतींचं) वेड लागलंय, कार्बन फ्रेम आणि मागचं डिस्क व्हील (आऱ्यांऐवजी सपाट तबकडीचं चाक) मिळून साडेतीन लाखाचं कोटेशन आलंय, ५० हजार हातात आहेत, उरलेल्या तीन लाखांसाठी आंब्याच्या फवारणीची एफडी मोडू की पर्सनल लोन काढू. दोन्ही नको.

लोन ३ लाखाचं, १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी धरलं तर हप्ता साधारण १०,२५० रुपये, व्याजच जवळजवळ ६९ हजार. पण व्याजाचं सोडा, बँकेला पैसे दर महिन्याला हवेत आणि तुमच्याकडे ते येतात आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात गेल्या की, वर्षातनं एकदा. एफडी तर तुम्हीच म्हणताय फवारणीची आहे, ती मोडली आणि मोहोरावर तुडतुडा कीड आली तर दलालाकडून उचल घ्यावी लागेल, नि एकदा उचल घेतली की भाव तो सांगेल तोच.

आता सायकल. फोटो बघितला, पोरगा कोपरं ताठ करून, मान वर काढून बसलाय. वेगात सगळ्यात जास्त ताकद हवा कापण्यात जाते आणि हवेला आडवं सायकलपेक्षा अंगच जास्त येतं, त्यामुळे कोपरं वाकलेली, पाठ सपाट पण मांड्या पोटाला न अडकता फिरतील अशी पोझिशन आधी बसवून घ्या, त्याला लागतो एखादा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) नि कोचचे दोनतीन दिवस. स्कॉटलंडच्या ग्रॅहम ओब्री या सायकलपटूने १९९३ साली एका तासात ५१.५९६ किमीचा विश्वविक्रम केला तो घरी बनवलेल्या सायकलवर, त्यात बेअरिंग वॉशिंग मशीनचे! हात छातीखाली दुमडायची त्याची पोझिशन नंतर बंदच केली म्हणा, नक्कल करू नका.

शिवाय तो स्प्रिंटला (थोड्या अंतराची, शेवटी जोर मारायची शर्यत) जाणार की पर्सूटला (लांब पल्ल्याची, वेळेविरुद्धची शर्यत) हेच ठरलेलं नाही. पर्सूटला एरोबार (हात पुढे लांबवून टेकायचे दांडे) लागतात, स्प्रिंटला ड्रॉप हँडल (खाली वळलेलं). वाढतं वय, फ्रेमचं मापही बदलेल. आणि ट्रॅकच्या सायकलला ना ब्रेक ना फ्रीव्हील, म्हणजे चाक फिरतंय तोवर पेडल थांबतच नाही, आपल्या उतारांवर ती काढायचीच नाही, म्हणजे पुण्यात बालेवाडीच्या वेलोड्रोमला (सायकल शर्यतींच्या ट्रॅकला) जाणं-येणं, राहणं आलंच, तो खर्च तुमच्या हिशोबात कुठेच दिसला नाही.

तर हातातल्या ५० हजारात बसेल अशी सेकंडहँड ॲल्युमिनियमची ट्रॅक सायकल बघा, त्यातच घट्ट बसणारा स्किनसूट नि मागच्या चाकाची दोन जादा दातेरी चक्रं. यंदाच्या आंब्यातनं बालेवाडीचा खर्च वेगळा काढा. डिस्क व्हीलचं पुढच्या सीझनला बघू. आणि सायकल ओटीवर ठेवू नका हो, खाऱ्या हवेत माझी चेन एका पावसाळ्यात लालभडक झालेली.